मार्सेलिसचा धक्का आणि राजकीय आश्रयाचा अधिकार

शिबी राजाची कथा सर्वपरिचित आहे. ससाण्याच्या भयाने अंगावर येऊन पडलेल्या कपोताच्या रक्षणासाठी राजाने स्वतःचे मांस तोलून दिले. शरणागताला अभय देणे हे आपल्याकडे पूर्वापार श्रेष्ठ ब्रीद मानले गेले आहे; ‘शरण आलेल्यास मरण देऊ नये’ ही उक्तीही त्याच भावनेतून रूढ झाली. तथापि या कथेकडे विधिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. तीत ब्रीद आहे ते राजाचे. राजाने अभय नाकारले असते तर त्याची कीर्ती मलिन झाली असती. परंतु कपोताला कोणाकडे दाद मागता आली असती, हा प्रश्न कथेत उद्भवतच नाही.

राजकीय छळामुळे स्वदेश सोडून परदेशात आश्रय मागणाऱ्या मनुष्याची आंतरराष्ट्रीय कायद्यातील स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळशी या कपोतासारखीच होती. आश्रयाचा अधिकार म्हणून ज्याचा उल्लेख ग्रंथकार करीत, तो आश्रय देणाऱ्या राज्याचा अधिकार होता. आपल्या भूमीवर आलेल्या परकीयाला राहू द्यावे की नाही हे ते राज्य आपल्या सार्वभौमत्वाच्या बळावर ठरवी, आणि इतर राज्यांनी ते शत्रुत्वाचे कृत्य समजू नये, एवढाच त्या अधिकाराचा आशय होता. आश्रय मागणारा हा या अधिकाराचा विषय होता, धारक नव्हता. या भेदाचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो हे समजून घेण्यास १९१० साली मार्सेलिस बंदरात घडलेली घटना आणि तिच्यावर १९११ साली हेग येथे झालेला लवादाचा निर्णय यांइतके उद्बोधक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

राजकीय अपराधाचा अपवाद

एका राज्यात अपराध करून दुसऱ्या राज्यात पळून गेलेल्या मनुष्यास परत स्वाधीन करण्याच्या क्रियेस प्रत्यर्पण म्हणतात. युरोपातील राजे एकेकाळी सामान्य चोर-दरोडेखोरांपेक्षा राजद्रोह्यांनाच परत मिळविण्यास अधिक उत्सुक असत. एकोणिसाव्या शतकात हा क्रम उलटला. १८३३ साली बेल्जियमने केलेल्या कायद्याने राजकीय अपराधाबद्दल कोणाचेही प्रत्यर्पण करू नये असे प्रथमच स्पष्टपणे ठरविले. १८७० च्या इंग्लंडच्या प्रत्यर्पण कायद्यात हेच तत्त्व आले आणि इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील १८७६ च्या प्रत्यर्पण करारातही त्यास स्थान मिळाले.

राजकीय अपराध कशास म्हणावे याची चर्चा इंग्लिश न्यायालयांनी दोन प्रसिद्ध खटल्यांत केली. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातील उठावात एका मंत्र्यावर गोळी झाडणाऱ्या कास्तिओनी या इसमास परत पाठविण्याचे १८९० साली न्यायालयाने नाकारले. राजकीय उठावाच्या ओघात व त्याचा भाग म्हणून घडलेले कृत्य राजकीय होय, असा निकष त्या वेळी सांगितला गेला. उलटपक्षी पॅरिसमध्ये बाँबस्फोट घडविल्याचा आरोप असलेल्या म्यूनिए या अराजकवाद्यास १८९४ साली फ्रान्सच्या स्वाधीन करण्यात आले. कारण त्याचा विरोध एका सरकारला नसून सरकार या संस्थेलाच आहे, असे न्यायालयाचे मत पडले. सारांश, खुनासारखा आरोपही राजकीय ठरू शके आणि न ठरूही शके. परंतु ते ठरविण्याचे काम न्यायालयाचे होते आणि त्यासाठी चौकशी आवश्यक होती.

हे सर्व दोन स्वतंत्र राज्यांच्या संबंधात लागू होते. ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवावयाचा असल्यास १८८१ चा फरारी गुन्हेगार कायदा लागू होई आणि त्यात राजकीय अपराधाचा अपवाद नव्हता. परत पाठविणे अन्यायाचे किंवा जाचक होईल असे वाटल्यास तसे न करण्याची मुभा न्यायालयास होती, एवढेच. त्यामुळे हिंदी क्रांतिकारकांच्या दृष्टीने लंडन व पॅरिस यांच्यात केवळ खाडीचे अंतर नव्हते. ते दोन भिन्न कायद्यांचे प्रदेश होते. श्यामजी कृष्ण वर्मा १९०७ साली लंडन सोडून पॅरिसला गेले. मादाम कामा यांचे वास्तव्यही पॅरिसमध्येच होते. हिंदुस्थानात हेच कार्य फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीने केले. श्रीअरविंद एप्रिल १९१० मध्ये तेथे पोहोचले, ते पुढे ब्रिटिश मुलखात परतलेच नाहीत.

८ जुलै १९१०

विनायक दामोदर सावरकर यांना १३ मार्च १९१० रोजी लंडन येथे अटक झाली. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा आरोप त्यांच्यावर होता. शिवाय नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या २१ डिसेंबर १९०९ रोजी झालेल्या खुनास साहाय्य केल्याचाही आरोप होता. त्यांची रवानगी १८८१ च्या कायद्याखाली होऊ नये म्हणून इंग्लंडच्या न्यायालयांत केलेले प्रयत्न निष्फळ ठरले आणि ‘मोरिया’ या बोटीने त्यांना मुंबईकडे पाठविण्यात आले.

पुढील तपशील लवादाच्या निर्णयपत्रातच नमूद आहे. २९ जून रोजी लंडनच्या पोलीस प्रमुखांनी पॅरिसच्या पोलीस खात्यास पत्र लिहून हा कैदी ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला पोहोचेल असे कळविले होते. त्यावरून फ्रान्सच्या गृहमंत्रालयाने ४ जुलैला तेथील प्रांताधिकाऱ्यास तार केली; युरोपातील हिंदी क्रांतिकारक कैद्याच्या सुटकेचा प्रयत्न करण्याचा संभव असल्याने योग्य ती खबरदारी घ्यावी, असा तिचा मथितार्थ होता. ७ जुलैला बोट बंदरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते सातच्या दरम्यान सावरकरांनी बोटीच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली, ते पोहत धक्क्याला लागले आणि धावू लागले. बोटीवरून काही माणसे ओरडत त्यांच्या मागे धावली. धक्क्यावरील लोकांनीही ‘धरा, धरा’ असा गिल्ला केला. फ्रेंच सागरी पोलीस दलाच्या एका अंमलदाराने सुमारे ५०० मीटर पाठलाग करून त्यांना पकडले आणि बोटीवरून उतरलेल्या तिघांच्या मदतीने पुन्हा बोटीवर नेऊन पोहोचविले. ९ जुलैला बोट मार्सेलिसहून निघाली.

या अंमलदाराचा जबाब महत्त्वाचा आहे. पकडलेला मनुष्य कोण हे आपणास मुळीच ठाऊक नव्हते. बोटीवर काही अपराध करून पळणारा तो एखादा खलाशी असावा असे वाटले, असे त्याने सांगितले. म्हणजे कैद्याबद्दलची सूचना पॅरिसहून प्रांताधिकाऱ्यापर्यंत पोहोचली होती. परंतु कैद्याला प्रत्यक्ष पकडणाऱ्या हाताला तो कोण आहे याची कल्पना नव्हती. त्या ५०० मीटरांच्या अंतरात सावरकर फ्रान्सच्या भूमीवर होते. तेथे त्यांना १८८१ चा साम्राज्यांतर्गत कायदा लागू नव्हता; लागू होता तो १८७६ चा करार. त्यांना ब्रिटिशांच्या स्वाधीन करावयाचे तर रीतसर मागणी, चौकशी आणि अपराधाच्या स्वरूपाचा निर्णय या पायऱ्या क्रमाने होणे अवश्य होते. त्यांतील एकही झाली नाही.

हेगचा निर्णय

पॅरिसमध्ये या प्रकाराविरुद्ध आवाज उठला. जाँ जोरेस यांच्या ‘लुमानिते’ या समाजवादी पत्राने त्यास वाचा फोडली आणि फ्रेंच सरकारला हा आपल्या प्रदेशाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न म्हणून हाती घ्यावा लागला. ब्रिटिश सरकारशी पत्रव्यवहार होऊन २५ ऑक्टोबर १९१० रोजी उभय सरकारांनी हा वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या चौकटीत पाच पंचांपुढे ठेवण्याचा करार केला. बेल्जियमचे बेर्नार्ट हे अध्यक्ष होते. फ्रान्सतर्फे लुई रेनो, इंग्लंडतर्फे लॉर्ड डेझर्ट, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे साव्होर्निन लोमान हे अन्य पंच होते.

पंचांपुढे ठेवलेला प्रश्न नेमका होता: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियमांनुसार सावरकरांना ब्रिटिश सरकारने फ्रेंच सरकारच्या स्वाधीन परत करावे की नाही? फ्रान्सचे म्हणणे असे की, फ्रेंच भूमीवर पाऊल पडताच कैदी फ्रेंच कायद्याच्या छत्राखाली आला. त्याला प्रत्यर्पणाच्या विधीवाचून नेणे हा प्रादेशिक सार्वभौमत्वाचा भंग होय. इंग्लंडचे उत्तर असे की, उभय देशांच्या पोलिसांत आधीच सहकार्य ठरले होते, कैद्याला फ्रेंच अंमलदारानेच स्वाधीन केले आणि ब्रिटिश पोलिसांनी त्याचा सद्बुद्धीने स्वीकार केला.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी पंचांनी इंग्लंडच्या बाजूने निर्णय दिला. ब्रिटिशांनी कपटाचा वा बळाचा अवलंब केलेला नाही. अटक करण्यात व ताबा देण्यात अनियमितपणा झाला हे खरे. परंतु परकीय राज्याच्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे ज्या राज्याला कैदी मिळाला त्याने तो परत केलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, असे त्याचे सार होते.

या निर्णयावर पुढे ग्रंथकारांनी पुष्कळ टीका केली आहे. टीकेचा रोख मुख्यतः सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर आहे: बेकायदा कृत्यातून मिळालेला लाभ राज्याने का ठेवावा? परंतु याहून मूलभूत असा एक प्रश्न पंचांपुढे आलाच नाही. आरोप राजकीय होते की नव्हते, फ्रान्समध्ये आश्रय मागण्याची संधी कैद्याला मिळावयास हवी होती काय, याची चौकशी कोणी केली नाही. युद्ध पुकारण्याचा आरोप उघडच राजकीय स्वरूपाचा होता. खुनास साहाय्य केल्याचा आरोप मात्र कास्तिओनीच्या निकषाने एका बाजूस व म्यूनिएच्या निकषाने दुसऱ्या बाजूस जाऊ शकला असता. उत्तर काय आले असते हे सांगता येत नाही, कारण प्रश्नच विचारला गेला नाही. वादात पक्षकार दोनच होते, फ्रान्स आणि इंग्लंड. ज्याच्या शरीराचा ताबा हा वादाचा विषय होता, तो मनुष्य त्या वेळी मुंबईच्या तुरुंगात होता.

तेथे त्याचा निकाल आधीच लागला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बेसिल स्कॉट, न्या. नारायणराव चंदावरकर व न्या. हीटन यांच्या विशेष न्यायासनापुढे खटला चालला. आरोपीला फ्रेंच भूमीवरून बेकायदा आणले असल्याने न्यायालयास अधिकार पोहोचत नाही, ही हरकत न्यायासनाने मान्य केली नाही; आरोपी समोर हजर असता तो कोणत्या मार्गाने आला हे पाहण्याचे कारण नाही, ही इंग्लिश न्यायालयांची जुनी भूमिका त्यांनी अनुसरली. २३ डिसेंबर १९१० रोजी पहिली आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेपेची शिक्षा झाली. हेगच्या पंचांची बैठक त्यानंतर दोन आठवड्यांनी सुरू झाली.

लिमाचा वकिलातवास

दुसऱ्या महायुद्धानंतरही हे चित्र लगेच पालटले नाही. पेरू देशातील पुढारी आया दे ला तोरे यांनी ३ जानेवारी १९४९ रोजी लिमा येथील कोलंबियाच्या वकिलातीत आश्रय घेतला. वकिलातीतील आश्रय हा प्रादेशिक आश्रयाहून निराळा आहे. त्यात आश्रित स्वतःच्याच देशाच्या भूमीवर, परंतु परक्या छताखाली असतो. लॅटिन अमेरिकेबाहेर ही प्रथा फारशी मान्य नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नोव्हेंबर १९५० मध्ये असे ठरविले की, अपराध राजकीय आहे हे एकतर्फी ठरविण्याचा अधिकार कोलंबियाला नाही आणि दिलेला आश्रय कराराला धरून नाही. तथापि १३ जून १९५१ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने म्हटले की, आश्रय नियमबाह्य असला तरी आश्रिताला पेरूच्या स्वाधीन करण्याचे बंधन कोलंबियावर नाही. परिणामी तो पुढारी १९५४ पर्यंत वकिलातीच्या चार भिंतींत राहिला.

मार्सेलिस व लिमा ही दोन प्रकरणे परस्परांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. एकात ताबा देणे अनियमित होते, तरी परत करण्याचे बंधन नाही. दुसऱ्यात आश्रय देणे अनियमित होते, तरी स्वाधीन करण्याचे बंधन नाही. दोन्ही ठिकाणी मनुष्य ज्याच्या ताब्यात, त्याची बाजू टिकली. ज्या कायद्यात व्यक्तीला स्वतःचा अधिकार नसतो, तेथे ताबा हाच निर्णायक ठरतो, असा यातून निघणारा निष्कर्ष आहे.

मागण्याचा अधिकार आणि परत न पाठविण्याचे बंधन

१० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील १४ व्या अनुच्छेदाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. मसुद्यात छळापासून आश्रय मागण्याचा व तो दिला जाण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, असे शब्द होते. राज्यांना आश्रय देण्याचे बंधन नको असल्याने ब्रिटनच्या पुढाकाराने ‘दिला जाण्याचा’ हे शब्द गळाले आणि ‘उपभोगण्याचा’ असा शब्दप्रयोग आला. अर्थात दार ठोठावण्याचा हक्क मान्य झाला, दार उघडण्याचे बंधन मान्य झाले नाही. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात तर आश्रयाचा अनुच्छेदच नाही. आणि प्रादेशिक आश्रयावर स्वतंत्र करार करण्यासाठी १९७७ साली जिनिव्हा येथे भरलेली परिषद निष्फळ ठरली.

खरा बदल निराळ्या वाटेने आला. २८ जुलै १९५१ च्या निर्वासितविषयक करारात आश्रय देण्याचे बंधन राज्यांवर घातलेले नाही. परंतु वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी कोणत्याही कारणाने छळ होण्याची सार्थ भीती असणाऱ्या निर्वासिताला, जेथे त्याच्या जिवाला वा स्वातंत्र्याला धोका असेल त्या प्रदेशाच्या सीमेवर परत पाठवू नये, असे ३३ वा अनुच्छेद सांगतो. हा करार मुळात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने ती मर्यादा काढून टाकली. गंभीर स्वरूपाचा अराजकीय गुन्हा आश्रयदेशात येण्यापूर्वी केलेल्यास या कराराचे संरक्षण मिळत नाही. कास्तिओनी आणि म्यूनिए यांच्यातील जुना भेद येथे नव्या रूपाने आला आहे.

परत न पाठविण्याच्या या तत्त्वातून एक गोष्ट अपरिहार्यपणे निष्पन्न होते. समोरचा मनुष्य निर्वासित आहे की नाही हे ठरविल्यावाचून त्याला परत पाठविले, तर बंधनाचा भंग झाला की नाही हेही कळणार नाही. म्हणून परत पाठविण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे हा या तत्त्वाचा प्राण होय. युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आलेल्या हिर्सी जामा प्रकरणात हे विशेष स्पष्ट झाले. मे २००९ मध्ये लिबियातून इटलीकडे निघालेल्या सोमालिया व इरिट्रिया येथील लोकांना इटलीच्या जहाजांनी भर समुद्रात अडविले आणि त्यांची ओळख वा परिस्थिती न तपासता त्रिपोलीला नेऊन उतरविले. त्यांनी आश्रय मागितलाच नव्हता, हा इटलीचा बचाव न्यायालयाने अमान्य केला. परत पाठविल्यास काय होईल हे विचारात घेणे राज्याचेच कर्तव्य होते, असा निर्णय २३ फेब्रुवारी २०१२ रोजी देण्यात आला. हेगच्या निर्णयास तेव्हा १०१ वर्षे पुरी होण्यास एक दिवस उणा होता. ‘तो कोण हे आम्हांस ठाऊक नव्हते’ हे म्हणणे १९११ साली सबब म्हणून चालले. २०१२ साली तेच दोषाचे कारण ठरले.

आरोपी कोणत्या मार्गाने आला हे न पाहण्याची न्यायालयांची जुनी भूमिकाही अशीच शिथिल झाली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सर्वोच्च अपील न्यायासनाने १९९१ साली इब्राहिम खटल्यात आणि ब्रिटनच्या लॉर्डांच्या सभागृहाने १९९३ साली बेनेट खटल्यात प्रत्यर्पणाचा मार्ग टाळून आणलेल्या आरोपीवरील खटला चालू देण्याचे नाकारले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९२ साली अल्वारेझ-माचाइन प्रकरणात जुनीच भूमिका कायम ठेवली. तेव्हा या बाबतीत एकमत झाले आहे असे म्हणता येणार नाही.

भारताची स्थिती

भारत १९५१ च्या करारात किंवा १९६७ च्या पूरक करारात सामील झालेला नाही, आणि निर्वासितांसाठी सर्वसाधारण असा वेगळा कायदाही भारतात नाही. राजकीय अपराधाबद्दल प्रत्यर्पण न करण्याचे तत्त्व १९६२ च्या प्रत्यर्पण अधिनियमाच्या ३१ व्या कलमात आहे. प्रत्यक्ष व्यवहारात भारताने मोठ्या प्रमाणावर आश्रय दिला. ३१ मार्च १९५९ रोजी सीमा ओलांडून आलेले दलाई लामा आणि त्यांच्यामागून आलेले तिबेटी ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु हे शासनाचे औदार्य होते, आश्रिताने न्यायालयात मागावयाचा हक्क नव्हे.

ही पोकळी न्यायालयांनी संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाच्या आधारे अंशतः भरून काढली. तो अनुच्छेद ‘नागरिक’ असे न म्हणता ‘व्यक्ती’ असे म्हणतो. अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे सांगितले. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ साली दोन इराकी नागरिकांच्या प्रकरणात परत न पाठविण्याचे तत्त्व २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत मानले. उलट, ८ एप्रिल २०२१ रोजी रोहिंग्यांच्या प्रकरणातील अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने २१ वा अनुच्छेद परकीयांनाही लागू आहे हे मान्य करून, देशाबाहेर न घालविले जाण्याचा हक्क मात्र नागरिकांच्या वास्तव्याच्या हक्काशी निगडित असल्याचे म्हटले. तरीही विहित कार्यपद्धतीवाचून कोणाचीही रवानगी करू नये, असे बजावले.

या शेवटच्या वाक्यात आश्रयाच्या प्रश्नाचे मर्म आहे. आश्रय द्यावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार राज्यांनी अद्याप सोडलेला नाही, आणि नजीकच्या काळात ती तो सोडतील असे दिसत नाही. तथापि ठरविण्याआधी ऐकावे लागते, एवढे बंधन कायद्याने त्यांच्यावर हळूहळू घातले आहे. मार्सेलिसच्या धक्क्यावर नेमकी हीच पायरी गळाली होती. चौकशीअंती फ्रान्सने कदाचित कैद्याला परतही केले असते. परंतु तो निर्णय असता. त्या सकाळी जे घडले, त्यात निर्णय कोणी घेतलाच नाही.